कृपादान कशासाठी?

कोकणातल्या गावांना कीर्तन नवे नाही. पण ख्रिस्ती कीर्तन म्हटले की अनेकांच्या भुवया उंचावतात. ते मराठीत रुजवणाऱ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रणी होते. त्यांचा जन्मही कोकणातलाच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, 1861 सालचा. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काव्यशक्ती आधीपासून होतीच. ती त्यांनी अभंग, भजने आणि कीर्तनांतून साध्या माणसांसाठी वाहिली.

ख्रिस्ती शिकवणीत अशा देणगीला कृपादान म्हणतात. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात तिचे विवेचन आहे: दाने वेगवेगळी, देणारा एकच, आणि प्रत्येक दान सर्वांच्या हितासाठी. म्हणून ती मिरवायची मालमत्ता नव्हे. शिकवणे, आजाऱ्याची सेवा, कामाची व्यवस्था पाहणे हीसुद्धा दानेच. माझ्या मते व्यासपीठावर न दिसणाऱ्या दानांची आपण फारच कमी कदर करतो.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. संस्कृतातल्या विद्वत्तेमुळे कोलकात्यात त्यांचा सन्मान झाला होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या निराधार मुलीबायकांना आसरा आणि हाताला काम दिले. भाषांची तीच देणगी वापरून हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलही उतरवले.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरे राहिले. 1919 मध्ये ते वारले, आणि ते महाकाव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.