इम्प्लांटभोवतीचं हाड झिजलं तर?

भंडारा, तुमसर, पवनीकडची बरीच मंडळी दातांच्या मोठ्या कामासाठी नागपूर गाठतात. इम्प्लांट बसला, कॅप लागली की काम संपलं असं समजतात. खरी देखभाल तिथूनच सुरू होते.

इम्प्लांटच्या स्क्रूभोवती जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते आणि आतलं हाड झिजू लागतं. याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. बहुतेकदा दुखत नाही, हीच गोम! खऱ्या दातासारखा स्क्रू लवकर हलतही नाही. हलला म्हणजे हाडाचा आधार जवळपास गेलेला असतो. घासताना रक्त आलं, दाबल्यावर पू आला, तर लगेच दाखवा.

नुसत्या सफाईने भागलं नाही तर हिरडी उघडून सडका भाग खरवडतात, स्क्रूचा पृष्ठभाग स्वच्छ करतात, हाडातला खड्डा योग्य आकाराचा असेल तर हाडाची पूड भरतात. ५ वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात सुमारे निम्म्या रुग्णांत यश टिकलं, तेही नियमित सफाई होत असताना. काहींचे इम्प्लांट गेलेच. शस्त्रक्रियेनंतरही हिरडी आणि स्क्रूच्या मध्ये खोल कप्पा उरला किंवा स्क्रूचा पृष्ठभाग खडबडीत असला, तर आजार उलटण्याची भीती जास्त. म्हणून ‘एकदा ऑपरेशन केलं की कायमचं बरं’ असं कोणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आपल्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत तपासणी हमखास चुकते. आणि तंबाखूचा खर्रा! ऑपरेशनवर पैसे घालून तो सुरूच ठेवायचा, याला काय म्हणावं? दर ३ ते ६ महिन्यांनी सफाई करून घ्या, आणि इम्प्लांट कोणत्या कंपनीचा आहे ते सांगणारं कार्ड जपून ठेवा.