घराचा बंदोबस्त : कुलूप, उजेड आणि कॅमेरा

पिकाची राखण कशी करावी, हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावें असें नाहीं. माळा घालून, गोफण घेऊन, रात्रीच्या रात्री जागून त्यानें शेत राखलें आहे. परंतु ज्या घरांत त्या पिकाचा पैसा येऊन पडतो, त्या घराच्या राखणीचा विचार बहुधा चोरी झाल्यावरच होतो. ठाणें जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं हा विचार आतां आधींच केला पाहिजे. त्याचीं कारणें उघड आहेत.

पहिलें कारण पैशाचें. समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतील शहापूर, कल्याण व भिवंडी ह्या तालुक्यांतून गेला आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. भूसंपादनाचा मोबदला कोणाच्या घरीं आला, हें साऱ्या पंचक्रोशीस ठाऊक असतें. दुसरें कारण कुटुंबाच्या विभागणीचें. मुलगा-सून नोकरीसाठीं डोंबिवलींत किंवा ठाण्यांत सदनिका घेऊन राहतात आणि वृद्ध आईबाप गांवच्या घरीं असतात. गौरी-गणपतीस शहरांतील घर बंद. भातकापणीच्या दिवसांत सारीं माणसें खळ्यावर असल्यामुळें गांवचें घर ओस. एका कुटुंबाचीं दोन घरें झालीं, पण राखणारे हात तेवढेच राहिले. तिसरें कारण रहदारीचें. पूर्वीं रात्रीं अनोळखी गाडी आली तर गांव जागें होत असे. आतां गोदामांच्या गाड्या रात्रभर चालतात, त्यामुळें कोणी मान वर करून पाहत नाहीं.

बाजारांत गेलें असतां दुकानदार प्रथम कॅमेरा पुढें करतो. हा क्रम उलटा आहे. चोरास तीन गोष्टी लागतात : वेळ, अंधार आणि एकांत. मजबूत कुलूप त्याचा वेळ खातें, दिवा अंधार घालवितो आणि जागरूक शेजारी एकांत मोडतो. कॅमेरा ह्यांतील एकही काम स्वतः करीत नाहीं. तो पाहतो, लिहून ठेवतो आणि फार तर कोणास तरी वर्दी देतो. ती वर्दी ऐकून धांवणारें माणूस जवळ नसेल, तर चोरीचें चित्र हातीं येतें, ऐवज येत नाहीं. म्हणून दार, दिवा, शेजार व शेवटीं कॅमेरा, ह्याच क्रमानें पैसा खर्च करावा.

दारें व खिडक्या

जुन्या वाड्यांस आंतून आगळ असे. भिंतीच्या खोबणींत शिरणारा तो जाड वासा दोन माणसांच्या धक्क्यासही दाद देत नसे. घरांत माणूस असतांना आगळीएवढें भरंवशाचें साधन आजही दुसरें नाहीं; नवें घर बांधणाऱ्यानें ती अवश्य ठेवावी. परंतु घर बंद करून जातांना सारा भार कडी-कोयंड्यावर पडतो. येथें पुष्कळ लोक महाग कुलूप आणतात आणि तें चार लहान स्क्रूंनीं बसविलेल्या कोयंड्यांत अडकवितात. चोर कुलपास हात लावीत नाहीं. तो पहारीनें कोयंडाच उपटतो. कोयंडा जाड लोखंडाचा असावा, त्याचे बोल्ट फळीच्या आरपार जावे आणि त्यांच्या चाक्या आंतल्या बाजूस असाव्या.

कुलपाच्या पोटांत पातळ पट्ट्या असतात. त्यांस लिव्हर म्हणतात. किल्लीचा प्रत्येक दांता आपापली पट्टी नेमक्या उंचीस उचलतो, तेव्हांच खीळ सरकते. लिव्हर जितके अधिक, तितकी दुसरी किल्ली लागणें कठीण. शिवाय लोंबतें कुलूप ‘घरांत कोणी नाहीं’ असें साऱ्या आळीस सांगतें. दाराच्या जाडींत बसणारें कुलूप ही बातमी देत नाहीं; म्हणून शहरांतील सदनिकेस तेंच बरें.

पुढील दार पोलादी करून मागील परसदार तकलादू ठेवणें हा नेहमींचा दोष आहे. स्वयंपाकघराची व मोरीची खिडकीही तपासावी. खिडकीचे गज भिंतींत पुरलेले असावे, नुसते चौकटीवर ठोकलेले नसावे. कौलारू घरांत कौलें काढून आंत उतरतां येतें. ज्या खोलींत कपाट असेल तिच्यावर तरी वाशांखालीं लोखंडी जाळी मारावी. मात्र सदनिकेस चोहोंकडून जाळ्या लावणाऱ्यांनीं एका जाळीस आंतून उघडणारी झडप ठेवावी व तिची किल्ली घरांतील सर्वांस ठाऊक असावी. चोर आंत येऊं नये म्हणून लावलेली जाळी आगीच्या वेळीं माणसास बाहेर जाऊं देत नसेल, तर तो बंदोबस्त नव्हे, सापळा होय.

उजेड आणि शेजार

अंगणांत व परसांत हालचाल होतांच पेटणारा दिवा लावावा. त्यास वीज थोडी लागते आणि अंधारांत एकाएकीं पडणाऱ्या उजेडानें चोर दचकतो. पावसाळ्यांत वीज जाते, म्हणून त्यांतील एक तरी दिवा सौर बॅटरीचा असावा.

शेजाऱ्याचें काम कोणतेंही यंत्र करीत नाहीं. गांवाबाहेर जातांना पोलीस पाटलास व एका विश्वासू शेजाऱ्यास सांगून जावें; संध्याकाळीं ओटीवरचा दिवा लावण्याचें काम त्याजकडे द्यावें. ज्या गांवीं ग्रामरक्षक दल आहे, तेथें घरांतील एका तरुणानें त्यांत नांव घालावें.

कॅमेरा कसा निवडावा

कॅमेऱ्याच्या दोन जाती आहेत. एक समाक्ष केबलीनें रेकॉर्डरास जोडलेला. तो स्वस्त असून गांवचा कारागीरही त्याची दुरुस्ती करतो. दुसरा संगणकाच्या जाळ्यावर चालणारा. ह्यांत चित्र व वीज दोन्ही एकाच तारेंतून शंभर मीटरपर्यंत नेण्याची सोय मिळूं शकते. साध्या घरास पहिली जातही पुरते.

मुख्य प्रश्न असा कीं, चेहरा ओळखूं येईल काय? ह्याचा हिशेब सोपा आहे. अनोळखी मनुष्याचा चेहरा निश्चित पटण्यास चित्रांत दर मीटर रुंदीस सुमारें २५० ठिपके लागतात, असें आंतरराष्ट्रीय मान आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत आडवे १,९२० ठिपके असतात. त्यांस २५० नें भागलें म्हणजे साधारण पावणेआठ मीटर रुंदी येते. दृश्य ह्याहून रुंद झालें कीं माणूस दिसेल, चेहरा पटणार नाहीं. २.८ मिलिमीटरचें भिंग सुमारें शंभर अंशांचा कोन दाखवितें. त्यानें ही रुंदी तीन सवातीन मीटर अंतरावरच भरते. ६ मिलिमीटरचें भिंग सुमारें पन्नास अंश दाखवितें. त्यानें आठ मीटरपर्यंत चेहरा पटतो. तात्पर्य, रुंद भिंग अंगण पाहण्यास आणि अरुंद भिंग फाटक पाहण्यास. एकाच कॅमेऱ्यानें दोन्ही कामें साधूं पाहणारा दोन्हींस मुकतो.

उंचीचेंही तसेंच. बारा फुटांवर टांगलेल्या कॅमेऱ्यास चोराची टोपी तेवढी दिसते. फाटकाजवळचा कॅमेरा सात-आठ फुटांवर असावा आणि दुसरा उंचावरून त्या कॅमेऱ्यावर नजर ठेवणारा असावा. आपल्याकडील पाऊस ध्यानांत घेऊन बाहेरच्या कॅमेऱ्यावर ‘आयपी ६६’ किंवा त्याहून वरचा अंक पाहावा. त्यांतील पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. रात्रीं कॅमेऱ्याभोंवतीं किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि जाळें विणलें कीं सारें चित्र पांढरें होतें. म्हणून पावसाळ्यांत दर पंधरवड्यास कांच पुसावी.

किती दिवसांचें चित्र सांठवावें, हाही हिशेबाचा प्रश्न आहे. एक कॅमेरा सेकंदास दोन मेगाबिट पाठवीत असेल, तर दिवसास २१.६ गिगाबाइट होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. एक टेराबाइटची तबकडी अशा रीतीनें साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनें चित्र पुसूं लागते. गणपतीसाठीं दहा दिवस गांवीं गेलेल्या माणसास परतल्यावर चोरी कळली आणि त्यानें आणखी दोन दिवस दवडले, तर पहिल्या रात्रींचें चित्र गेलेंच म्हणून समजावें. दोन टेराबाइटची तबकडी घेतल्यास सुमारें तेवीस दिवस मिळतात.

रेकॉर्डर दूरदर्शनसंचाखालीं उघडा ठेवूं नये. चोर जातांना तोच घेऊन जातो. तो कुलुपबंद कपाटांत, आणि उल्हास नदीच्या कांठच्या गांवांनीं तर माळ्यावर ठेवावा. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलों नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली होती. रेकॉर्डर आणि इंटरनेटचें यंत्र ह्या दोघांसही बॅटरीचा आधार द्यावा. एकासच दिला तर वीज गेल्यावर वर्दी येत नाहीं.

शेतावरील पंपघरासाठीं सौर पत्रा व मोबाईलचें सिमकार्ड असलेला कॅमेरा मिळतो. त्यास तार लागत नाहीं, पण महिन्याचा भरणा लागतो आणि आषाढांतील झाकोळलेल्या दिवसांत लहान बॅटरी दगा देते.

कॅमेऱ्याचें कुलूप

कॅमेऱ्यासही किल्ली असते. ती म्हणजे सांकेतिक शब्द. सन २०१६ मध्यें ‘मिराई’ नांवाच्या घातक संगणक-कार्यक्रमानें जगभरचे असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर हस्तगत केले. कारण कारखान्यांतून आलेला शब्द मालकांनीं बदललाच नव्हता. त्या ऑक्टोबरांत ह्याच यंत्रांच्या माऱ्यानें अमेरिकेंतील अनेक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. तेव्हां कॅमेरा बसतांच शब्द बदलावा आणि तो बसविणाऱ्या कारागिराच्या हातीं राहूं देऊं नये. भारत सरकारनें ९ एप्रिल २०२४ रोजीं कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम जाहीर केले असून ९ एप्रिल २०२५ पासून ते अंमलांत आहेत. खरेदी करतांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी पाहावी आणि पक्की पावती घ्यावी.

दुसऱ्याची आब

कॅमेऱ्याचें तोंड आपल्या हद्दींत असावें. शेजाऱ्याची खिडकी, न्हाणीघर किंवा बायकांचा पाणवठा त्यांत येतां कामा नये. स्त्रीचें खासगी कृत्य पाहणें वा टिपणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालीं गुन्हा आहे. घराच्या आंतही विचार करावा. वृद्ध आईवडिलांच्या काळजीनें मुलगा माजघरांत कॅमेरा लावतो आणि डोंबिवलींतून पाहत बसतो. परंतु ज्यांनीं आयुष्यभर घर राखलें त्यांसच पहाऱ्यांत बसल्यासारखें वाटतें. सुनेच्याही मनास तें लागतें. त्यांस विचारून, दारापुरता व ओटीपुरता कॅमेरा लावावा. बाकीच्या काळजीसाठीं रोज संध्याकाळीं दूरध्वनि करावा.

कुंपणांत विजेचा प्रवाह सोडण्याचा अघोरी उपाय कोणींही करूं नये. चोराच्या आधीं आपलें लेंकरूं किंवा गुरूं त्यास चिकटतें. मनुष्य मेल्यास मालकावर फौजदारी होते.

चोरी झालीच तर

चोर घरांत असतांना एकट्यानें अडवूं नये. आरडाओरड करावी व ११२ वर कळवावें. मागाहून चोरी कळल्यास कशासही हात न लावतां फिर्याद द्यावी. कल्याण-डोंबिवली शहर ठाणें पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत, तर मुरबाड-शहापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे येतात. परंतु हद्दीचा घोळ असला तरी कोणत्याही ठाण्यांत फिर्याद नोंदवितां येते, असें १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्यें स्पष्ट आहे. चित्राची नक्कल ताबडतोब काढून ठेवावी, मूळ पुसूं नये. तें न्यायालयांत पुरावा म्हणून दाखल करण्यास साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें प्रमाणपत्र जोडावें लागतें.

ऐवज व कागद

जो ऐवज घरांत नाहीं, तो चोरास सांपडत नाहीं. दागिने बँकेच्या तिजोरींत ठेवावे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें बँकेंत चोरी, आग किंवा नोकराची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी तिजोरीच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. ही रक्कम दागिन्यांच्या किंमतीहून कमी पडूं शकते, म्हणून निराळा विमाही पाहावा. ‘भारत गृह रक्षा’ ह्या घरविम्यांत निव्वळ घरफोडी येत नाहीं. तिचें कलम वेगळें घ्यावें लागतें.

महसुली कचेरींत उमेदीचीं वर्षें गेल्यामुळें कागदांविषयीं एवढें सांगतों. सातबारा किंवा आठ-अ चोरीस गेल्यानें जमीन जात नाहीं. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पुन्हां मिळतो. नोंदणी झालेल्या खताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडे मिळते. परंतु जुन्या वाटणीचे घरगुती कागद, पावत्या व हाताचे नकाशे पुन्हां मिळत नाहींत. त्यांच्या प्रती काढून दुसऱ्या घरीं ठेवाव्या. दोन घरें झाल्याचा एवढा तरी लाभ घ्यावा.

सारांश, येत्या रविवारीं घराभोंवतीं एक फेरी मारावी. कोयंडा हलतो काय, परसदार किती धक्क्यांत उघडेल, रात्रीं कोणता कोपरा अंधारांत राहतो, हें चोराच्या नजरेनें पाहावें आणि जो दोष सर्वांत स्वस्तांत जाईल तो त्याच दिवशीं दूर करावा. कॅमेऱ्याची यादी त्यानंतर करावी.