भुशीचें धरण व पावसाळी सहल

जून महिन्यांत शाळा उघडून पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच इयत्ता नववीच्या वर्गाकडून एक अर्ज आमच्या मेजावर येऊन पडतो. अक्षर दरवर्षीं निराळें, मजकूर मात्र तोच : "यंदाची सहल भुशी धरणावर न्यावी." यंदाहि तो आला, व आम्हीं तो नाकारला. विद्यार्थिमित्र त्यामुळें रुष्ट झाले आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. नुसता नकार देऊन गप्प बसण्यापेक्षां त्या धरणाची हकीकत व आमच्या नकाराचीं कारणें या वार्षिकांत मांडावीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

बोरघाटाचा लोहमार्ग इ. स. १८६३ सालीं खुला झाला. घाट चढून धापा टाकीत वर आलेल्या वाफेच्या एंजिनांस पाणी हवें, आणि लोणावळ्याचा पाऊस चार महिन्यांचा पाहुणा. म्हणून त्याच दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें इंद्रायणीच्या अगदीं बालपणींच्या प्रवाहावर ही दगडी भिंत घातली. पुढें १९३० च्या सुमारास मुंबई-पुणें मार्गावर विजेचीं एंजिनें धांवूं लागलीं व कालांतरानें वाफेचीं एंजिनें नाहींशीं झालीं. धरण उरलें, त्याचें मूळचें काम सरलें. आज हजारों माणसें पावसाळ्यांत तेथें जातात तीं केवळ भिंतीवरून सांडणाऱ्या पाण्यांत पायऱ्यांवर बसून भिजण्यासाठीं. कामाकरितां बांधलेली वस्तु मौजेची झाली म्हणजे तिच्याविषयींचा धाक जातो, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम भिंतीचा विचार करूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तलाव जितका लांबरुंद तितका त्याचा भिंतीवर भार अधिक. ही समजूत चुकीची आहे. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, विस्तारावर नव्हे. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरास १ टन, पांच मीटर खोलीवर ५ टन. मग मागें पाणी दहा पावलें पसरलेलें असो वा दहा कोस. म्हणून अशा भिंतीचा पाया रुंद व माथा अरुंद ठेवितात. हा रेटा भिंत आपल्या वजनानें पेलते. सह्याद्रीचा काळा पत्थर पाण्याच्या सुमारें पावणेतीन पट जड असतो. मात्र पायाखालून पाणी झिरपूं लागलें तर तें भिंतीस खालून उचलूं पाहतें, व तितकें तिचें वजन उणें होतें. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकिला आहे. धरण बांधणाऱ्याचाहि पहिला धडा तोच होय.

भुशीच्या भिंतीवरून पाणी वाहतें हें पाहून नवखा मनुष्य घाबरतो. दगडी धरणास त्याचें विशेष भय नसतें. पायऱ्यांवर आपटत उतरतांना पाण्याचा वेग मोडतो व पायथ्याची माती खणली जात नाहीं. मातीच्या धरणाची गोष्ट अगदीं उलट आहे. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहूं लागलें कीं, बहुधा त्याची घटका भरली असें समजावें. शिवाय न दिसणारीं कारणेंहि असतात. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत टोकोआ फॉल्स नांवाच्या एका ख्रिस्ती विद्यालयाच्या वरच्या अंगास असेंच एक लहानसें मातीचें धरण होतें. आरंभीं तें विजेसाठीं होतें. १९५७ नंतर वीज काढणें बंद झालें व तो तलाव केवळ करमणुकीचा राहिला. बांधावर झाडें वाढलीं, त्यांचीं मुळें आंत शिरलीं, उतार ढांसळले. ६ नोव्हेंबर १९७७ रोजीं मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुसळधार पावसांत, तो बांध फुटला आणि खालीं झोंपलेल्या वस्तींतील ३९ माणसें प्राणांस मुकलीं. पवित्र शास्त्र शिकण्यास आलेलीं तीं कुटुंबें आमच्यासारखींच असतील, हा विचार मनांत येऊन आम्हांस ती हकीकत वाचवेना. त्यानंतरच त्या देशांत खासगी व लहान धरणांची सरकारी तपासणी नेटानें सुरू झाली.

आपल्याकडेहि २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरें येथील धरण फुटून घरेंच्या घरें वाहून गेलीं. २०२१ सालीं केलेला धरणसुरक्षेचा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांस, व कांहीं अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांस लागू आहे. त्याहून ठेंगणे बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतात. ठेंगण्या बांधाखालीं माणसें राहत नाहींत असें थोडेंच आहे?

परंतु भुशीची खरी भीति भिंतीची नव्हे. ३० जून २०२४ हा रविवार होता व पाऊस जोराचा होता. धरणाच्या मागच्या अंगास, डोंगरांतून तलावांत उतरणाऱ्या धबधब्यावर पुण्याचें एक कुटुंब गेलें होतें. पाणी एकाएकीं वाढलें. प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर तीं माणसें एकमेकांस घट्ट धरून उभीं होतीं, तीरावर लोक ओरडत होते, आणि पाहतां पाहतां एक स्त्री व चार मुलें अशीं पांच जणें वाहून जाऊन मरण पावलीं. त्या वेळीं भिंतीचा एक दगडहि हलला नव्हता.

पाणी 'एकाएकीं' कसें वाढतें? हिशेब सोपा आहे. डोंगराच्या एक चौरस किलोमीटर माथ्यावर तासाभरांत २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५,००० टन पाणी होतें. काळ्या कातळांत तें फारसें मुरत नाहीं. जवळजवळ सगळें ओढ्यांत उतरतें, म्हणजे दर सेकंदास सुमारें ७ टन. तुम्ही उभे आहां तेथें त्या वेळीं ऊन पडलेलेंहि असूं शकेल. पाऊस वरच्या माथ्यावर पडलेला पुरे.

आतां पायांचा हिशेब. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाण्यांत उभ्या असलेल्या मुलाच्या दोन पायांवर, सेकंदास एक मीटर वेगानें वाहणारें पाणी सुमारें साडेसात किलोचा रेटा देतें. वेग दुप्पट झाला कीं रेटा चौपट, म्हणजे ३० किलो. तिप्पट झाला कीं नऊपट, म्हणजे ६७ किलोंच्याहि वर. हा हिशेब आम्हींच स्थूलमानानें केलेला आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं तो ताडून पाहावा. तळवे शेवाळावर टेकलेले असतांना नववींतला मुलगा ३० किलोचा रेटा किती वेळ सोशील, याचें उत्तर मात्र फळ्यावर काढण्याची गरज नाहीं.

आम्हीं तें एकदां डोळ्यांनीं पाहिलें आहे. खरें सांगावयाचें तर पाहिलें नाहीं, हेंच आमचें शल्य आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं श्रावणांत ३८ मुलांस घेऊन आम्ही भुशीस गेलों होतों. पायऱ्यांवर एका मुलाची चप्पल सुटली. ती धरावयास तो वांकला, घसरला व तीन पायऱ्या खालीं गेला. मक्याचीं कणसें विकणाऱ्या एका माणसानें त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून त्यास ओढून काढलें. त्या वेळीं आम्ही पाठ फिरवून शिदोरीच्या पुड्या मोजीत होतों. आभार मानण्यास शब्द सुचेनात, तेव्हां तो गृहस्थ आपल्या शेगडीकडे वळत म्हणाला, "गुरुजी, पोरांना आधी एवढंच शिकवा. गेलेली चप्पल आपली न्हाई." त्या मुलाच्या आईस आम्हीं ती हकीकत सांगितली तेव्हां तिनें एक शब्दहि काढला नाहीं. रागावली असती तर बरें झालें असतें.

त्या दिवसापासून कांहीं गोष्टी आम्ही प्रत्येक वर्गास सांगत आलों आहों. ओढ्याचें पाणी गढूळ होऊं लागलें, पानें-काटक्या वाहूं लागल्या, किंवा वरून घुमणारा आवाज येऊं लागला, तर त्याच क्षणीं आपल्या बाजूच्या तीरावर चढावें. पलीकडे सामान राहिलें असेल तर राहूं द्यावें. प्रवाहाच्या मध्यावरच्या खडकावर बसूं नये, मग तो कितीहि कोरडा दिसो. कोणी वाहूं लागल्यास मागून उडी घालूं नये. दोर, ओढणी, गांठी मारलेले पट्टे, काय हाताशीं असेल तें फेंकावें. गर्दीचेंहि तसेंच आहे. १५ जून २०२५ रोजीं याच इंद्रायणीवर कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दींत कोसळला व चौघांचा अंत झाला.

मग लोणावळ्यास जाऊंच नये काय? अवश्य जावें, पण जानेवारींत. भाज्याचीं लेणीं दोन हजार वर्षांहून जुनीं आहेत. तेथील पाण्याचीं टांकीं भिक्षूंनीं कातळांत कोरलीं, तींहि एक प्रकारचीं धरणेंच. वर लोहगड आहे, ज्याचा समावेश २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत झाला. विंचूकांट्यावरून पवनेचें खोरें स्वच्छ दिसतें. धुक्यांत काय दिसतें, तें टायगर पॉइंटवर जुलैंत उभें राहिलेल्यांनींच सांगावें! परतीच्या वाटेवर भुशीस थांबूं. त्या दिवसांत पायऱ्या उघड्या असतात. दगडांची जोडणी व पाण्यानें झिजलेल्या कडा हात लावून पाहतां येतात.

सहल जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारीं निघेल. पालकांच्या सहीची चिठी नाताळच्या सुट्टीपूर्वीं वर्गशिक्षकांकडे द्यावी. पायांत चप्पल नको, बूट असावेत.