हुकूम झाला, पोटगीचे काय?

नगर शहरास लागून असलेले भिंगार लष्करी छावणीच्या सहवासात वाढले. येथे पोटगीच्या कायद्याची एक गाठ विशेष स्पष्टपणे दिसते. पण ती उलगडण्यापूर्वी एक लोकभ्रम दूर करणे आवश्यक आहे. न्यायालयाने मुलासाठी दरमहा रक्कम ठरविली म्हणजे ती आपोआप हाती पडेल, असे अनेकांना वाटते. वस्तुतः रक्कम थकल्यास वसुलीचा अर्ज निराळा करावा लागतो, आणि १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत तो केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.

वॉरंटान्वये दंडाप्रमाणे वसुली होते. म्हणजे जंगम मालाची जप्ती होते, किंवा जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे कलेक्टरकरवी रक्कम घेतली जाते. तरीही बाकी उरल्यास प्रत्येक थकीत महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते; मात्र कैद भोगली म्हणजे देणे फिटले असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे.

दिवाणी दरखास्तीत नोकरदाराच्या वेतनाचा एक-तृतीयांश भाग सोडून उरलेला पोटगीपोटी जप्त होऊ शकतो. छावणीतील गाठ येथेच पडते: लष्करी शिपायाच्या वेतनास मात्र लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम २८ चे संरक्षण आहे. दिवाणी वा महसुली न्यायालयास ते जप्त करता येत नाही. परंतु ज्या कायद्याने हे कवच दिले, त्यानेच कलमे ९० व ९१ मध्ये पत्नीच्या आणि औरस वा अनौरस अपत्याच्या निर्वाहासाठी, केंद्र सरकारच्या किंवा विहित अधिकाऱ्याच्या हुकमाने, वेतनातून कपात करण्याची वाट मोकळी ठेवली. तेव्हा छावणीतील मातेने न्यायालयाप्रमाणेच लष्करी अधिकाऱ्यांकडेही अर्ज करावा. बापाची बदली दूर झाली तरी तो जेथे असेल तेथील दंडाधिकाऱ्याकडून हुकमाची अंमलबजावणी करवून घेता येते, आणि हुकमाची नक्कल विनामूल्य मिळते.

पोटगी कोणत्या तारखेपासून द्यावी, हेही आता ठरले आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१३ मध्ये एका प्रकरणात पत्नीस १५ हजार व मुलास ५ हजार रुपये दरमहा ठरविले. त्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे त्यात ठरले. हे सारे उपाय आईच्या बाजूने आहेत. पण थकलेल्या प्रत्येक महिन्याची मुदत स्वतंत्रपणे संपत असल्याने, हप्त्यांच्या तारखांची वही तिलाच ठेवावी लागते.