किडनीच्या पेशंटला भेटायला जाताना

आपल्या वऱ्हाडात आजारी माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. संत्री, केळी, नाहीतर शहाळं नेतोच. पण ज्याची किडनी कमजोर आहे, त्याला हीच भेट जड जाऊ शकते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावतीच्या कितीतरी गावांत, किडनीचे पेशंट आहेत. म्हणून आज हे बोलू.

फळांत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. हृदयाचे ठोके नीट पडायला तो लागतोच. जास्तीचा क्षार किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साचतो. रक्ततपासणीत तो साधारण ३.५ ते ५ असावा. फार वाढला तर हातपाय गळतात, ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. आणि पुष्कळदा आधी काहीच जाणवत नाही.

एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, संत्र्यात २४० च्या आसपास. पण ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात, म्हणजे हिशेब बराच वाढला! शहाळ्याचं पाणी आणि पेरू, म्हणजे आपला जाम, यांतही ते भरपूर असतं.

मग फळं कायमची बंद करायची का? नाही. किडनीच्या प्रत्येक पेशंटला हे पथ्य नसतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं असेल तरच डॉक्टर ते सांगतात. तेव्हाही सफरचंद, अननस, जांभूळ यांच्या थोड्या फोडी बहुधा चालतात. किती, ते डॉक्टरांनाच विचारा. कमरख मात्र किडनीच्या पेशंटला अजिबात देऊ नका, ते विषासारखं बाधतं.

आणखी दोन गोष्टी. बीपीसाठी मिळणाऱ्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, ते विचारल्याशिवाय वापरू नका. आणि पेशंटला डायबेटिसही असेल, साखर एकदम उतरली, तर संत्र्याच्या रसाऐवजी साखरपाणी द्या.

बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं, तर त्यातलं पोटॅशियम बरंच कमी होतं. कच्चंच खायच्या फळाला ही युक्ती चालत नाही.

तर बायांनो, पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा आधी घरच्या बाईला विचारा, “यांना कोणतं फळ चालतं?” सांगता आलं नाही, तर पिशवी घरीच ठेवा आणि तासभर गप्पा मारून या.