तिमोरच्या कॉफीचे ऋण

गोमंतक आणि पूर्व तिमोर यांनी एकाच पोर्तुगीज सत्तेचे जोखड वाहिले. आम्ही १९६१ साली मुक्त झालो. तिमोरला मात्र १९७५ मध्ये इंडोनेशियाच्या लष्कराने गिळले. स्वातंत्र्य उजाडले ते २००२ साली. परचक्राच्या त्या काळात एर्मेराच्या डोंगरावरील लहान शेतकऱ्याची कॉफी लष्कराच्या मर्जीतील मक्तेदार पडत्या भावाने घेत. १९९४ नंतर सहकाराने ती पकड सैल केली. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या तिमोरी वाणाचे रक्त आपल्या देशातील 'कावेरी' जातीतही आहे. खरेदीदार देशांनी तेथील सहकारी संस्थांकडूनच, रास्त भावाने, कॉफी घ्यावी. एका जोखडाखालून आधी सुटलेल्या आम्हां गोमंतकीयांनी हा आग्रह धरणे, हे आमचे कर्तव्यच आहे.