जुहूचं पान

२४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. छोट्या विमानांसाठीची ती धावपट्टी त्याला पुरणार कशी? विमान पुढे निघून गेलं आणि कायमचं निकामी झालं. नशिबानं जीवितहानी टळली. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट विमानही असंच चुकून इथे उतरलं होतं. दोन्ही विमानतळ शेजारीशेजारी, धावपट्ट्यांची दिशाही जवळपास तीच. वरून बघणाऱ्याची गफलत व्हायला एवढं पुरे.

अशा गफलती आधीच ओळखून लिहून ठेवायच्या, त्या जागेला ऑपरेशन्स मॅन्युअल म्हणतात. मोठ्या विमान कंपन्यांकडे ते लिहायला वेगळा विभाग असतो. उद्योगसमूहाच्या फ्लाइट डिपार्टमेंटमध्ये मात्र विमानं दोन-तीन, वैमानिक मोजके आणि लिखाण बहुधा मुख्य वैमानिकाच्या गळ्यात. उड्डाणं सांभाळून उरलेल्या वेळात तो हे काम करतो, नाहीतर एखादा निवृत्त कॅप्टन सल्लागार म्हणून गाठतो.

मॅन्युअलचे चार भाग जगभर रूढ आहेत. पहिल्यात सर्वसाधारण नियम: कोण कोणाला जबाबदार, ड्यूटी किती तास, विश्रांती किती. दुसरा त्या-त्या विमानाचा: वजन, वेगमर्यादा, कोणती वस्तू नादुरुस्त असताना उडता येतं आणि कोणती असताना नाही. तिसरा मार्गांचा आणि विमानतळांचा, चौथा प्रशिक्षणाचा.

पहिला भाग तयार मसुद्यावरून उतरवता येतो, आणि मोह होतो तो तिथेच. धावपट्टीवरचा बर्फ काढण्याचे नियम तपशिलात आणि मुंबईच्या पावसाला मात्र दोन ओळी, असं मॅन्युअल काय कामाचं? खरी परीक्षा तिसऱ्या भागात होते. जुहूच्या पानावर दिवसाउजेडीच उड्डाण, डोळ्यांनी बघून उडायचं तर साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता, पश्चिमेला समुद्र, भोवती इमारती आणि शेजारी सांताक्रूझची वाहतूक, हे सगळं यायला हवं.

त्याहून नाजूक मजकूर फोनचा. ‘साहेबांना तीनला नाशिकला पोहोचायचंय,’ असा निरोप येतो तेव्हा ‘आज नको’ म्हणायचा शेवटचा अधिकार कॅप्टनचा, हे मालकाच्याच सहीनं छापलेलं असलं तर वैमानिकाला वाद घालावा लागत नाही.

प्रवासी नसलेल्या उड्डाणांनाही पानं द्यावी लागतात. २८ जून २०१८ रोजी, ऐन पावसाळ्यात, दीर्घ दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून निघालेलं किंग एअर सी-९० घाटकोपरच्या सर्वोदयनगर परिसरात, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीपाशी कोसळलं. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला. चाचणीला हवामानाची वेगळी मर्यादा कोणती, विमानात कोणी बसायचं, रद्द कोणी करायचं: ही उत्तरं सकाळी हँगरमध्ये उभं राहून शोधायची नसतात.

मंजुरी मिळाली तरी पुस्तक संपत नाही. विमानतळ बदलतो, विमानात नवं उपकरण बसतं, डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाचा नियम सुधारतो. मग सुधारणेचा क्रमांक चढतो, जुनी पानं निघतात, नवी लागतात आणि प्रत्येक वैमानिक वाचल्याची सही करतो. पानं आता टॅबलेटवर आली आहेत, पण जुनी प्रत कुणाच्या पिशवीत राहिली नाही ना, हे अजूनही बघावंच लागतं.